भिंतीपलीकडचा कंप्रेसर

लग्न होऊन मी मालवणात आले ते साठ सालच्या आसपास. नवरा बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळायचा आणि आमच्या दोन खोल्या कारखान्याला चिकटूनच होत्या. डिझेल इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कंप्रेसर माझ्या चुलीमागच्या भिंतीपलीकडे. पहिले आठ दिवस डोकं ठणकलं. मग सवय अशी लागली की तो थांबला तरच मी दचकायची.

एका सकाळी तो सुरू होताना मला खटखट ऐकू आली. नवरा जेवायला आल्यावर म्हटलं, "आज तेचो आवाज बरो नाय."

"तुका चुलीकडे बसान काय कळता गो?" तो हसला.

दोन दिवसांनी त्यालाही ऐकू आलं. बांगड्याचा हंगाम होता, किनाऱ्यावर रापणीची जाळी भरून येत होती. कोल्हापूरहून मिस्त्री बोलावले. त्यांनी मशीन सुरू करायला लावलं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कंप्रेसरवर टेकवलं आणि मुठीला कान लावला. खटखट ऐकताच लगेच बंद करायला सांगितलं.

"बेअरिंग गेलंय. उघडावं लागेल. चार दिवस तरी बंद."

नवऱ्याचा चेहरा उतरला. बर्फाशिवाय मासळी किनाऱ्यावरच कुजली असती.

मी चहा घेऊन गेले होते. राहवलं नाही. "मी दिवसभर ऐकते. सुरू होताना आणि बंद होताना तेवढा खटखटतो. मधे नाही."

नवऱ्याने डोळे वटारले. मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "नक्की, वहिनी?"

"नक्की."

"बेअरिंग गेलं असतं तर सारखं वाजलं असतं," म्हणत त्यांनी कंप्रेसरचं मोठं चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवलं. खट्. खट्. चाक जरासं हललं, आतला दांडा मात्र जागचा हलला नाही. दोघांना जखडणारी लोखंडी पाचर झिजली होती. लोहाराकडून नवी घडवून आणली आणि दुपारी मशीन चालू झालं, अगदी पूर्वीसारखं.

"पुढच्या खेपेस मला पत्र टाकण्याआधी वहिनींना विचारा," निघताना मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळी नवरा जेवून लगेच मशीनकडे गेला. चारचौघांत बोलले म्हणून रागावला असेल, असं मला वाटलं. दुसऱ्या सकाळी मशीन सुरू करून तो स्वयंपाकघराच्या दारात आला.

"काय गो, कसो वाटता?"

मी कान दिला. "बरो आसा."

पुढे कारखाना होता तितकी वर्षं, रोज सकाळी, तो विचारत राहिला.