झोपाळ्याचे पाच साक्षीदार

ते पाच जबाब आठवले की निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही माझं डोकं तापतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापुरात फौजदार होतो. गणेशोत्सवात पेठापेठांत नाटकं व्हायची आणि स्त्रीपात्रासाठी बाहेरगावची नटी ठरवून आणत. त्या वर्षी एका मंडळाने पेठेतल्याच एका शिक्षिकेला सुनेची भूमिका दिली. प्रयोगानंतर तिसऱ्या दिवशी पेठेतले एक वजनदार गृहस्थ चार प्रतिष्ठितांना घेऊन ठाण्यात हजर.

तक्रार अशी, की नाटकं तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाने संहितेतून खोडलेलं वाक्य बाईंनी रंगमंचावर म्हटलं: "देव्हाऱ्यातल्या देवीला हळदकुंकू आणि घरातल्या सुनेला लाथ." परवान्याचा भंग झाला, शिवाय भावना दुखावल्या. शाळेने त्याच दिवशी बाईंना घरी बसवलं. घरात मिळवत्या त्या एकट्याच, वडील अंथरुणाला खिळलेले.

मी बाईंना बोलावून पहिलाच प्रश्न केला, "हे बोलायची काय गरज होती?" पाच प्रतिष्ठितांपुढे एका बाईचा शब्द मी तोलूनसुद्धा पाहिला नाही.

"मी बोललेच नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही ठरवूनच बसलाय की."

ते झोंबलं. मी पाचही जणांना वेगवेगळं बसवून पुन्हा जबाब घेतले. ते वाक्य म्हटलं तेव्हा रंगमंचावर काय दिसत होतं, एवढंच विचारलं. पाचही जणांनी एकच सांगितलं: सासरा झोपाळ्यावर बसला होता.

प्रयोगाला बंदोबस्तावर असलेला आमचा शिपाई दारातच उभा होता. पाचवा साक्षीदार बाहेर पडला तसा हसू दाबत आत आला. "झोपाळा कुठला, साहेब? मांडवाचा बांबू वजन धरंना. खुर्ची हुती. आन् तीबी आपल्याच चौकीतली!"

गणेश मंडळाची तालमीची संहिता मागवली. तिच्यात झोपाळा खोडून पेन्सिलीने खुर्ची लिहिलेली. झोपाळा शिल्लक होता तो फक्त परवान्याच्या अर्जाला जोडलेल्या प्रतीत, आणि ती प्रत आमच्याच कपाटात.

लेखनिक हवालदाराला समोर उभं केलं. "वाचायला मागितली, दिली. मोठी माणसं हाईत, न्हाय कसं म्हणायचं?"

गृहस्थांना पुन्हा बोलावलं. ते जराही वरमले नाहीत. "व्हय, न्हाय बघितलं नाटक. आमच्या पेठंतल्या बाईनं तोंडाला रंग लावायचा न्हाय, एवढंच."

"गेल्या वर्षी नटीला तुमच्याच हातून हार घातला गेला, तो?"

"ती बाहेरची हुती की, फौजदार!"

खोट्या माहितीबद्दल खटल्याचा प्रस्ताव मी पाठवला. वरून शेरा आला: प्रतिष्ठित नागरिक आहेत, समज देऊन सोडावे. हवालदाराची बदली झाली, एवढीच काय ती शिक्षा.

मग अहवाल घेऊन मी स्वतः शाळेत गेलो. शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांनी तो वाचला. "वाक्य बोलल्या न्हाईत, मान्य. पण स्टेजवर उभ्या हुत्या, हे तर खरं न्हवं?"

"मग तेवढंच कारण आदेशात लिहा आणि खाली सही करा," मी म्हणालो. "मी बसतो."

मी बराच वेळ बसलो. त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही. सोमवारी बाई वर्गावर होत्या.

खरे साक्षीदार कुठे ना कुठे चुकतात, अडखळतात, हे तेव्हापासून मी प्रत्येक नव्या शिपायाला सांगत आलो. दुसरं जे शिकलो ते कुणाला सांगितलं नाही. एखाद्या बाईची भाकरी काढून घ्यायला भलेभले पुढे येतात, पण त्यामागचं खरं कारण सहीनिशी लिहा म्हटलं की त्यांचा हात उचलत नाही. ती सही मी पहिल्याच दिवशी मागायला हवी होती.