मोठ्या आवाजाची सवय

मिल बंद झाली, त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या चाचाजींनी आपली कुत्री आमच्या ओट्यावर आणून बांधली आणि ते कायमचे गावी निघून गेले.

आम्ही तेव्हा इंदूरला मल्हारगंजच्या एका गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. बाबा मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होते आणि चाचाजी त्याच मिलमध्ये मागावर विणकर. ते बनारसच्याही पलीकडच्या कुठल्याशा खेड्यातले. बायको-मुलं गावी आणि हे इथे आमच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत, वीसेक वर्षं एकटे. पाळी सुटली की केसांत, भुवयांत कापसाचे तंतू घेऊन यायचे. आमच्या गल्लीचा सगळा दिवस मिलच्या भोंग्यावर चालायचा. सकाळच्या भोंग्याला आई दूध तापत ठेवायची आणि दुपारचा भोंगा झाला की ओट्यावरच्या बायका गप्पा आवरून उठायच्या. भोंगा थांबल्यावर कितीतरी महिने आमच्याकडे दूध वेळीअवेळी तापत होतं.

कुत्री चाचाजींनीच वाढवलेली. तांबूस रंगाची, एक कान दुमडलेला. तिला नाव नव्हतं. ते नुसतं "ए, सुन" म्हणायचे आणि ती यायची.

गावी निघायच्या सकाळी त्यांनी तिचं गोणपाट आणि जर्मनचा वाडगा आईसमोर ठेवला. बाबांना म्हणाले, "बाबूजी, तीन गाड़ियाँ बदलनी हैं. इसको कैसे ले जाऊँ?" बाबा म्हणाले, "आप फिकर मत करो." आईला कुत्र्यांचं मुळीच प्रेम नव्हतं, पण तिनं वाडगा उचलून आत नेला. चाचाजी गल्लीच्या टोकापर्यंत गेले, ते मागे न बघता.

गळ्यातली दोरी तशीच ठेवून आम्ही तिला सोडलं, तर पहिले काही दिवस ती त्यांच्या कुलूप लावलेल्या दाराशी बसून राहिली. निदान डोळ्यांसमोर बसलेली तरी होती. मग त्या खोलीत नवे भाडेकरू आले. त्यांनी दाराला हिरवा रंग दिला आणि ही दारातून हलेना म्हणून तिच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. त्या दिवशी ती आमच्या आतल्या खोलीत शिरली आणि लोखंडी पलंगाखाली, अगदी भिंतीला चिकटून पडली. त्यानंतर बाहेर येईना. भाकरी खाईना, पोळी खाईना. आई कुरकुरत का होईना, वाडग्यात दूध ठेवायची. सकाळी त्यावर साय धरलेली असायची. आम्ही झोपल्यावर कधीतरी ती थोडं पाणी पीत असावी, एवढंच.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि सगळं समजतं अशा वयात होते. मला वाटलं, एकदा उन्हात नेली, पाय मोकळे केले की होईल ठीक. एके दुपारी मी पलंगाखाली हात घालून दोरी धरली आणि तिला ओढून बाहेर काढलं. ती चावली नाही, गुरगुरलीसुद्धा नाही. फरशीवर पोट टेकून घसटत आली आणि तिथेच, माझ्या पायाशी, तिला लघवी झाली. मी दोरी सोडली. ती पुन्हा आत गेली. आईनं फडकं आणलं, पुसायला खाली बसली आणि इतकंच म्हणाली, "परेशान नको करू तिला." मला कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी गुरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना घरी आणलं. म्हातारे, जाड चष्म्याचे गृहस्थ होते. ते जमिनीवर आडवे होऊन टॉर्चनं तिला बघत राहिले, मग कपडे झटकत उठले. म्हणाले, "बीमारी कुछ नहीं है. घबराई हुई है. पकड़ो मत, घूरो मत. पास में बैठो और अपना काम करते रहो. आना होगा तो खुद आएगी."

बाबांना तोवर सियागंजमधल्या एका लोखंडी सामानाच्या गोदामात नोकरी लागली होती. संध्याकाळी सायकल लावली, हातपाय धुतले की ते पलंगाकडे पाठ करून फरशीवर बसायचे आणि पेपर वाचायचे. मी पलीकडे अभ्यासाला बसायची. घरात आजारी माणूस असावं तसे आम्ही अगदी हळू बोलत होतो. आई भांडीसुद्धा आवाज न करता ठेवायची. हाक मारायची तरी हलकेच, "ए सुन, ए बाळा." पंधरा दिवस असे गेले. ती बाहेर आली नाही. फक्त आमच्या समोर पाणी प्यायला लागली. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या.

मग बाबांनी चाचाजींना पोस्टकार्ड टाकलं. तिला काय आवडतं, कशी खायची, कशाला भ्यायची, सगळं विचारलं. चाचाजींना लिहिता येत नव्हतं, त्यामुळे उत्तर त्यांच्या मुलीच्या गोल, शाळकरी अक्षरात आलं, हिंदीत. बाबांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. रोटी कोरडी देऊ नका, दालमध्ये मोडून द्या. झाडू तिच्यासमोर उचलू नका. आणि शेवटी लिहिलं होतं, "पिताजी कहते हैं, उससे ज़ोर से बोलिए. मशीन पर काम करके उनको ऊँचा सुनाई देता है, तो वे उससे भी चिल्लाकर ही बोलते थे. धीरे बोलने से वह समझती होगी कि आप लोग नाराज़ हैं."

चाचाजी मोठ्यानं बोलतात, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. मागावरचे सगळेच तसे बोलायचे. त्यांचं "आज बैंगन बनाया है" आम्हाला भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू यायचं. पण ते सगळं तिच्याशी चालायचं, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. लहान पिल्लू होती तेव्हापासून तिनं प्रेमाचा तेवढाच एक आवाज ऐकला होता. आणि आम्ही इतके दिवस तिच्याभोवती कुजबुजत होतो.

बाबा स्वभावानं अतिशय हळू बोलणारे. ते पलंगाकडे पाठ करून बसले, घसा खाकरला आणि ओरडले, "ए, सुन. आज गोदाम में बहुत काम था." मला हसू आलं, पण आईनं डोळे वटारले. पलंगाखाली काही हललं नाही. बाबा पुढे सांगत राहिले. पत्र्यांची गाडी आली, हमाल कमी होते, जेवायला वेळ झाला नाही. मी तिरक्या नजरेनं बघितलं. दुमडलेला कान तसाच होता, दुसरा मात्र उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवसापासून घराची रीतच बदलली. आई स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची, "ए सुन, कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होऊ देत." मी इतिहासाच्या नोट्स मोठ्यानं वाचायची. तिसऱ्या दिवशी हिरव्या दारातले भाडेकरू डोकावून म्हणाले, "भिया, सब ठीक है ना? झगड़ा तो नहीं हुआ?" बाबांनी सवयीनं त्यांनाही ओरडूनच सांगितलं, की सगळं ठीक आहे.

ती एकदम बरी झाली नाही. आधी नाक पलंगाबाहेर आलं, मग पुढचे दोन पाय. आठवड्यानं तिनं डाळीत मोडलेली पोळी खाल्ली, तीही आई पाठमोरी असताना. आईला वाडगा घासल्याचा आवाज आला, तरी ती वळली नाही, पोळ्या लाटत राहिली. मग एका रविवारी बाबा ओट्यावर दाढी करत होते, तेव्हा ती येऊन त्यांच्या मागे उन्हात बसली. माझ्याजवळ यायला मात्र तिला आणखी दीड महिना लागला. मी घाई केली नाही.

दोन वर्षांनी मिलच्या कागदांवर अंगठा उठवायला चाचाजी इंदूरला आले. तोवर आम्ही सुदामा नगरला राहायला गेलो होतो. ते खूप वाळले होते. फाटकातून आत आले तशी ती उठली, जवळ गेली, त्यांचे पाय, धोतराचा काठ, पिशवी, सगळं हुंगलं आणि त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून पडली. दुपारभर ते खुर्चीवरून हलले नाहीत. चहा प्यायचा होता, तोही आईनं हातात नेऊन दिला.

निघताना ते म्हणाले, "भाभीजी, बाँध दीजिए, नहीं तो पीछे आएगी."

आई म्हणाली, "नाही बांधायची. आली तर घेऊन जा. तिचं ती ठरवेल."

ती त्यांच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेली. रिक्षा दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ रस्त्यात उभी होती. आम्ही कुणीच हाक मारली नाही. मग ती हळूहळू परत आली, फाटकाशी थांबून आईकडे पाहिलं आणि आत येऊन जिन्याखालच्या सावलीत झोपली. संध्याकाळी जेवली. आई त्या दिवशी तिच्याजवळच पाट घेऊन मेथी निवडत बसली होती.