चुंबळीवर चुंबळ

भामाबाईच्या हातात गेलेली चिंधी चिंधी म्हणून परत येत नाही, असं चकलांब्यात म्हणतात. गावाच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं हे खरं, पण उरलेलं निम्मं तिच्या सुनेनं, अंजनानं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

अंजना लग्न होऊन भीमनगरातल्या त्या दोन खोल्यांत आली तेव्हा घरात विकतची टोपली एकही नव्हती. भाकरीची, कांद्याची, ज्वारीची, सगळ्या टोपल्या कागदाच्या. कागद तरी कसला, तर शाळेतल्या पोरांचे परीक्षेचे पेपर, लग्नपत्रिका आणि गेवराईच्या झेरॉक्सवाल्यानं फेकलेली रद्दी. असल्या टोपलीत ज्वारी राहते हे अंजनाला काही पटेना. एक दिवस घरात कुणी नाही असं बघून तिनं मोठी टोपली पालथी घातली आणि वर चढून उभी राहिली. टोपलीनं हूं की चूं केलं नाही. आवाज आला तो दारातून, "नाचून बी बघ!" सासू उंबऱ्यात उभी राहून हसत होती. त्या दिवसापासून अंजना तिला मनापासून आत्या म्हणू लागली. तोवर नुसतं तोंडानं म्हणत होती.

टोपली करायची रीत सोपी, म्हणजे सांगायला सोपी. रद्दी भिजवायची, उखळात कुटून तिचा लगदा करायचा, त्यात मेथ्यांचं वाटण आणि ज्वारीच्या पिठाची खळ कालवायची आणि पालथ्या घागरीवर थापायचं. वाळलं की जुन्या लुगड्याचं धडुतं खळीत बुडवून वरून चढवायचं आणि काठाला उसवलेल्या स्वेटरची लोकर गुंडाळायची. पण भामाबाई थापायला बसली की अंजनाचं हातातलं काम हातात राहायचं. बाई डोळे मिटून घागरीवर हात फिरवायची आणि कुठं जाड झालं, कुठं पातळ राहिलं, ते बोटांनीच हुडकायची. शाळेचं तोंड न पाहिलेली ती काटकुळी बोटं बघताना अंजनाला देवळात, विहारात कधी वाटलं नाही असं काहीतरी वाटायचं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. लोक हसले असते.

ह्याच बोटांनी भामाबाईनं उसाचे कितीतरी हंगाम तोडले होते. दसरा झाला की नवऱ्याबरोबर टोळीत निघायचं आणि उन्हाळ्यात परतायचं. नवरा गेला, गुडघे गेले, तेव्हा कोयता सुटला आणि मुलगा जालिंदर अंजनाला घेऊन टोळीत जाऊ लागला.

टोपल्यांचं नशीब उघडलं ते केसरबाईमुळं. केसरबाई म्हणजे गावातल्या मोठ्या जमीनदाराची, सुंदररावांची बायको. तोंडानं फटकळ, पण कामाला वाघीण. बायकांची सहकारी संस्था काढायचं तिनं मनावर घेतलं आणि ती सरळ भीमनगरात आली. तिची सासू एके काळी भामाबाईच्या पदरात भाकरी वरून टाकायची. त्याच घरातली केसरबाई भामाबाईच्या सारवलेल्या जमिनीवर बसली, चहा प्याली आणि म्हणाली, "मला बी शिकवा." गावात काही जणांच्या पोटात दुखलं. दुखू द्या, पोट त्यांचं.

मग आलं दोन हजार पंधराचं साल. दुष्काळात तेरावा महिना ही आपली म्हण, पण त्या साली धोंड्याचा महिना खरोखरच आला. म्हणीनंसुद्धा इतकं खरं होऊ नये. विहिरी कोरड्या, पाणी टँकरचं. गावाबाहेरच्या माळावर जनावरांची चारा छावणी पडली. अंजनाची लेक तेव्हा चार महिन्यांची होती. टोळीत गेलं की असल्या लेकराला उसाच्या फडात, पाचटावर निजवायचं आणि आपण पहाटेपासून वाकायचं. अंजनाला त्या विचारानं घास जात नव्हता. पण मुकादम घेतो ती जोडी, नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकट्या जालिंदरला कोण विचारतो?

तेवढ्यात संस्थेला पुण्याच्या एका मिठाईवाल्याचं काम मिळालं. दिवाळीच्या मिठाईसाठी कागदाच्या टोपल्या हव्यात, दसऱ्याआधी पोचवा. केसरबाईनं हिशेब न मांडताच अंजनाला सांगितलं, "हे काम पार पडलं की औंदा तुला कोयता घ्यायची गरज न्हाई. लेकरू घेऊन घरी ऱ्हा." अंजना त्या एका वाक्यावर जगत होती.

संस्थेच्या बायकांनी आंघोळीचं, भांड्यांचं पाणी साठवून लगदा भिजवला. टोपल्या वाळायला जागा मोकळी हवी म्हणून छावणीशेजारच्या माळावर मांडल्या. वाळवी लागू नये म्हणून खाली राख पसरली, वावटळीनं उडू नयेत म्हणून दगड ठेवले, उंदीर येऊ नयेत म्हणून मेथ्या जास्त घातल्या. एवढ्या शहाण्या बायका, पण चाऱ्यासाठी हंबरणारी जनावरं पन्नास पावलांवर बांधलेली असताना ज्वारीची खळ आणि मेथ्या उघड्यावर मांडतोय, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. कागद कोण खातंय?

राखणीला अंजना होती. भर दुपारी ओरडा झाला, "टँकर आला!" टँकर आल्यावर जागेवर थांबणारी बाई त्या साली मराठवाड्यात नव्हती. लेकीला कडेवर घेऊन, डोक्यावर चुंबळ ठेवून ती घागरीसकट धावली.

परत आली तेव्हा माळावर गाई होत्या. दावी तोडून आल्या होत्या आणि टोपल्या खात होत्या. लगदा चावून गिळत होत्या, वरचं कापड आणि लोकर थुंकून टाकत होत्या. सगळीकडे चघळलेली धडुती पडली होती. तिच्या लेकीचा हिवाळा त्या गाईंच्या पोटात चालला होता.

टँकरवरच्या बायका तशाच चुंबळी घेऊन गोळा झाल्या. संस्थेतलीच तुळजाबाई पुढं आली, आणि पाहते तर सगळ्यांत पुढं तिचीच गाय. लाजेनं तिनं काठी उचलली आणि गाईला बडवायला लागली. केसरबाईचा पारा चढला, "कुणाचं जनावर, कुणाची राखण, आधी ते सांगा!" अंजनानं मान खाली घातली.

भामाबाई गुडघे सावरत आली. तिनं तुळजाबाईच्या हातातली काठी घेतली, एक शाबूत राहिलेली टोपली उचलली आणि गाईच्या तोंडापुढं धरली. तीन दिवस थापलेली स्वतःची टोपली! गाय हातातून खाऊ लागली.

"जनावराला कावून मारतीस, तुळजे?" ती म्हणाली. "बहात्तरच्या दुष्काळात म्या बी खाल्लाय ह्यो लगदा. टोपल्यांसाठी लगदा कालवून माय खडी फोडाया गेलती, घरात दाणा नव्हता. मेथ्यांचा वास आला, बसले खात. माय आली, तिनं मला मारलं, अन् मग मला धरून लई रडली. ह्या मुक्या जिवाला मारून आपुन कुणाला धरून रडायचं?"

तुळजाबाईनं पदर तोंडाला लावला. आपल्याच कष्टाचा घास भुकेल्या गाईला भरवणारी ही बाई आपल्याच घरात रोज भाकरी थापते, हे अंजनाला खरं वाटेना.

"मग आता?" केसरबाईचा आवाज खाली आला होता. "लगद्याला पाणी कुठून आणायचं, भामाबाई?"

भामाबाईचं लक्ष अंजनाच्या डोक्यावरच्या चुंबळीकडे होतं. घागरीखाली घ्यायचं ते फडक्याला पीळ देऊन केलेलं कडं. तिनं ते उचललं, उलटंसुलटं पाहिलं, जमिनीवर ठेवलं. त्यावर स्वतःची चुंबळ ठेवली. मग हात पुढं केला, "तुळजे, तुपली दे." चुंबळीवर चुंबळ चढत गेली. चघळलेल्या काठाची लोकर सोडवून तिनं कडी एकमेकांना शिवली आणि तळाला धडुत्याचा पीळ गोल गोल फिरवत नेला. बघता बघता घाटदार टोपली उभी राहिली. पाण्याचा थेंब लागला नाही, आणि गाईनं हुंगून तोंड फिरवलं.

केसरबाईनं मोबाईलवर फोटो काढून पुण्याला पाठवला. मिठाईवाल्याचा फोन आला, कागदाच्या राहू द्या, ह्याच पाठवा.

चुंबळ करता येत नाही अशी बाई बीड जिल्ह्यात शोधून सापडायची नाही. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते अंजनानं त्या आठवड्यात पाहिलं. संस्थेच्या बायका आल्या, संस्थेला नावं ठेवणाऱ्याही आल्या. कुणी फाटकं लुगडं आणलं, कुणी मयत नवऱ्याचं धोतर. केसरबाईच्या घरचं रेशमी काठाचं आणि भीमनगरातलं ठिगळाचं एकाच पिळात गेलं, आणि पीळ बसल्यावर कुणाचं कुठलं ते नेसणारीलाही ओळखेना. टेम्पो भरून गेवराईच्या रस्त्याला लागला तेव्हा बायका त्याच्या मागं बघत उभ्या राहिल्या. आपण केलं हे त्यांनाच पटत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुकादम बंकट दारात आला. "जालिंदर, औंदा तुपला कोयता धरू ना?"

जालिंदरनं आईकडे पाहिलं. बंकटनंही तिच्याकडेच पाहिलं. भामाबाई कापडाच्या पट्ट्या फाडत बसली होती.

"मला कावून इच्यारता?" ती म्हणाली. "फडात वाकायचं तिला. तिला इच्यारा."

एवढ्या वर्षांत बंकटनं कुणा बाईला विचारलं नव्हतं, आताही विचारलं नाही. नुसता अंजनाकडे वळून उभा राहिला. लेक मांडीवर झोपली होती.

"म्या येनार न्हाई," ती म्हणाली.

बंकट जालिंदरच्या तोंडाकडे बघत राहिला. जालिंदर म्हणाला, "तिनं सांगितलं ना." मुकादम पुटपुटत निघून गेला.

भामाबाईचे हात थांबले होते. ते हात थांबलेले अंजनानं आजवर पाहिले नव्हते. "आत्या, चुकलं का मपलं?" तिनं घाबरून विचारलं. भामाबाई सुनेकडे अशी बघत होती, जणू हे असलं माणूस तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"जालिंदरच्या आधी एक पोरगी झालती मला," ती म्हणाली. "फडात पाचटावर निजवलती. थंडीनं गेली. न्हाई म्हनता येतं, हेच मला कुणी सांगितलं नव्हतं गं."