अर्धी नायिका

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. भांड्यांच्या फडताळासारखे ते आपोआप भरत जातात, आणि एक काढायला गेलं की चार अंगावर येतात! सोलापूरच्या आमच्या मुलींच्या कॉलेजातल्या नाटकाच्या ग्रुपचं तसंच आहे. बेलबॉटमचे दिवस ते!

सुरुवात एका सिनेमाने झाली. नायिका कॉलेजकुमारी, जाड भिंगांचा चष्मा, दोन वेण्या. इंटरव्हलनंतर ती चष्मा काढते, केस मोकळे सोडते, आणि इतके दिवस ढुंकूनही न बघणारा हीरो खल्लास! दुसऱ्या दिवशी आमच्या अर्ध्या वर्गाचे केस मोकळे. पण सोलापूरचं ऊन ते! दुपारपर्यंत सगळ्यांच्या वेण्या परत आल्या.

*

महानंदाने मात्र चष्माच काढला. ही मैंदर्गीची. घरात कानडी, बाहेर मराठी, आवाज खणखणीत. शनिवारी गावी निघाली ती चुकून वळसंगच्या एस.टी.त बसली.

कंडक्टर म्हणाला, "ताई, उतरा. गाडी हितंच संपली."

"अन् मैंदर्गी?"

"ती लई पुढं हाय की! चष्मा न्हाय का तुमाला?"

"हाय की! पर्समदी हाय."

सोमवारी चष्मा पुन्हा नाकावर आला.

*

गॅदरिंगला आमच्या मराठीच्या बाईंनी त्याच सिनेमावरून नाटुकलं बसवलं. हीरो मी, उंचीमुळे! काजळाची मिशी, दादाची पँट. रंगीत तालमीला वॉचमनने गेटवरच अडवलं, "ए भाऊ, मुलींचं कॉलेज हाय हे. चल, हो बाजूला!"

मी इतकी खूश झाले की त्याच्याशी भांडलेसुद्धा नाही.

*

नायिका मात्र बाईंनी दोन घेतल्या. चष्मा असेपर्यंत महानंदा, चष्मा उतरल्यावर गोरीपान सुषमा! एक पडद्याआड जाणार, दुसरी बाहेर येणार.

महानंदा म्हणाली, "बाई, दोनी मीच करते की. सगळं पाठ हाय मला."

"अगं, लोकांना बदल दिसायला नको का?"

त्या दिवशी महानंदाने डबाच उघडला नाही. मला बाईंचा भयंकर राग आला, पण मीही गप्प बसले. ते अजून खुपतं.

*

गॅदरिंगच्या सकाळी सुषमाने आणखी उजळण्यासाठी बेसन, हळद, लिंबू आणि वहिनीचं कसलंसं क्रीम एकत्र करून तोंडाला फासलं. दुपारी चेहरा लालबुंद, डोळे सुजून बारीक! आरशात बघून तिनेच विचारलं, "ही कोण?"

बाई विंगेत धावत आल्या. "महानंदा, आता पुढचंही तूच कर! पण पडद्याआड गेलीस की चष्मा काढ, केस सोड, पावडर लाव!"

*

नाटक सुरू झालं. महानंदा पडद्याआड गेली. पेटी वाजली. महानंदा बाहेर आली.

तोच चष्मा. त्याच दोन वेण्या. मान मात्र ताठ. विंगेत बाई पावडरचा भरलेला डबा घेऊन तशाच उभ्या!

मी आपलं पाठ केलेलंच बोलले. गुडघ्यावर बसून, हात पसरून, "हे सुंदरी, कोण तू? मी तर तुला ओळखलंच नाही!"

हॉल खो खो हसला. महानंदाने आधी हसू ओसरू दिलं. मग तिने एका बोटाने चष्मा वर सरकवला आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "नीट बघ की! वरीसभर तुज्याच शेजारच्या बाकावर हाय मी!"

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. मागून कुणीतरी "वन्स मोअर!" ओरडलं, आणि मग सगळा हॉलच ओरडायला लागला.

मी मुकाट्याने पुन्हा गुडघ्यावर बसले. एकदा नाही, तीनदा!