गॅस कोणी पेटवायचा?

चार माणसं एकाच हॉटेलात पुन्हापुन्हा जेवायला लागली, की पोटाबरोबर किस्सेही वाढत जातात. आमचं हॉटेल म्हणजे तेल अविवमधलं एक कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांनी चालणारं, थाई रेस्टॉरंट. नव्वदच्या दशकात त्याची एवढी हवा होती की दारात रांग लागायची. मालक, स्वयंपाकी, वेटर सगळे थाई. आम्ही मराठी ज्यू मंडळी जवळच्या लोदहून बसने जायचो: मी, आमचे हे म्हणजे दाविद, शेजारचे सालोमनभाऊ आणि अबीगेलवहिनी. भाऊ मूळचे भायखळ्याचे, विमानतळावरून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. तपासायची सवय काही सुटली नव्हती.

पहिल्याच दिवशी भाऊ दारावरचं कोशरचं सर्टिफिकेट चष्मा लावून वाचत उभे राहिले. शिक्का बघितला, सही बघितली. मागची रांग वैतागली. मालक धावत आला. त्याला वाटलं, धर्मगुरूंच्या, रब्बींच्या ऑफिसातून तपासणी आली! खिडकीजवळचं टेबल मिळालं, वर सूप फुकट.

दाविद म्हणाले, "भाऊ, सांगा ना त्याला खरं."

"आधी सूप येऊ दे," भाऊ म्हणाले.

पुढे मालकाला सगळं कळलं, पण तो भाऊंना कायम "इन्स्पेक्टर"च म्हणत राहिला.

एकदा वेटरने वहिनींना मोडक्या हिब्रूत बजावलं, "बाई, हे फार तिखट आहे हं." वहिनींनी चव घेतली आणि काळजीने विचारलं, "तुमचा स्वयंपाकी आजारी आहे का?"

कोशर जेवणात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. एकदा शेजारच्या टेबलावरची म्हातारी आमच्या पांढऱ्या रश्शाकडे बघून ओरडली, "मांसात दूध? आणि ज्यू म्हणवता?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "नारळाचं दूध आहे, आजी. आमच्या कोकणात मटण असंच शिजतं, म्हणून तर गाईचं लागत नाही." म्हातारीने विचारलं, "कोकण म्हणजे कुठे?" "इंडियात," वहिनी म्हणाल्या. "तिथे ज्यू असतात?" वहिनींनी तिच्यापुढे वाटी सरकवली. म्हातारीने ती चाटूनपुसून खाल्ली. प्रश्न मात्र मागे घेतला नाही.

मग ऑर्लीचं निघालं. ऑर्ली ही भाऊंची धाकटी, इथेच जन्मलेली. आपण मराठीत विचारावं आणि तिने हिब्रूत उत्तर द्यावं. तिने याच टेबलावर सांगितलं, की यरुशलेमच्या योआवशी लग्न ठरवलंय, पण त्याच्या वडिलांना आपले कागद हवेत. पणजोबांपर्यंत सगळे ज्यू होते, असे.

भाऊंनी चमचा खाली ठेवला. "माझी पणजी नागावला तेल काढायची. शनिवारी ज्यूंची सुट्टी, म्हणून घाणा बंद ठेवायची. आता तिच्या सुट्टीचं सर्टिफिकेट कुठून आणू?"

आम्ही हसलो, पण वहिनींचे डोळे भरले. आम्ही या देशात नवे आलो, तेव्हाही इथल्या रब्बींनी हेच विचारलं होतं. मला इतका संताप आला की समोरचा भात मी बाजूला सारला. पोरीचं लग्न त्या कागदांवर अडलं होतं.

भाऊंनी व्याह्यांना बोलणी करायला मुद्दाम याच हॉटेलात बोलावलं. लांब दाढीचे, गंभीर गृहस्थ; बरोबर योआव. येताना त्यांनीही दारावरचं सर्टिफिकेट वाचलं, भाऊंपेक्षा जास्त वेळ. ऑर्डर दिली, पण जेवण काही येईना. ऑर्ली नॅपकिनच्या घड्या घालत बसली. व्याही म्हणाले, "तर ते कागद..." आणि तेवढ्यात मालक घामाघूम होऊन बाहेर आला.

कोशर हॉटेलात स्वयंपाकी कोणीही असो, गॅस ज्यूनेच पेटवायचा असतो. देखरेखीवरचा माणूस रोज तो पेटवून द्यायचा. त्या संध्याकाळी तो लवकर घरी गेला होता, आणि सिलिंडर संपून शेगड्या विझल्या होत्या. नवा सिलिंडर लावला, पण पेटवणार कोण?

व्याही लगेच उठले. "चला, मी पेटवतो."

मालकाने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नम्रपणे हात जोडले. "माफ करा साहेब. तुम्हाला मी ओळखत नाही. इन्स्पेक्टर, तुम्ही या."

भाऊ आत गेले. काडी ओढल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. परत येऊन त्यांनी चष्मा पुसला.

जेवण आलं. व्याह्यांनी रस्सा भुरकला, कपाळ पुसलं, पुन्हा भुरकला. मग ताट पुढे केलं. "अजून थोडं मिळेल?"

भाऊंनी पातेलं स्वतःकडे ओढलं आणि हिब्रूत विचारलं, "पणजोबांचे कागद आणलेत?"

योआव वडिलांकडे बघत होता.

ऑर्लीने बापाच्या हातातला डाव घेतला. मराठीत म्हणाली, "बाबा, वाढू दे आता. सासरे आहेत माझे."