कारवाईचा रकाना

येहेझकेलमामा मुंबईत एका बस डेपोत एकोणीस वर्षं तक्रार-वही सांभाळत होता. नाव, तक्रार आणि 'केलेली कारवाई' असे तीन रकाने. पहिले दोन मामाच्या वळणदार अक्षरांनी भरत. तिसरा एकोणीस वर्षांत एकदाही भरला नाही. "वरचे साहेब वाचीत होते की नाय, देव जाणे," मामा म्हणे. देवाला कशाला मध्ये आणायचं? कुणी वाचत नव्हतं.

मुंबई सोडून इस्राएलात रामल्याला आल्यावर मामा वॉचमन झाला. २००१ साली तेल अविवच्या एका प्रदर्शनात विजेवर चालणारी पिकअप लोकांना पहिल्यांदा दाखवली, तेव्हा तिच्या शेजारी चार दिवस त्याची ड्यूटी लागली. नमुन्याची एकच गाडी होती. लोकांना आवडली तर पुढे कारखाना निघणार होता. मॅनेजर बारूखने मामाच्या हातात वही दिली आणि लोक बोलतील ते लिहायला सांगितलं.

बारूखला दहा ओळी पुरल्या असत्या. मामाने सवयीने तीन रकाने आखले आणि मराठीत सुरुवात केली. सिद्दूरमधलं, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकातलं, छापील हिब्रू तो वाची, पण हाताने लिहिलेलं त्याला ना लिहिता येई, ना वाचता.

"एका गृहस्थांनी विचारले, वायर किती लांब आहे?

"शेतकरी. म्हणाले, शेतात चार्ज संपला तर ओढायला गाढव कंपनी देणार काय?

"एक बाई. म्हणाल्या, आवाजच नाही, तर नवरा घरी आला हे कळणार कसे?

"सैनिक. मागच्या हौद्यात दोन तास झोपला. उठून म्हणाला, ठीक आहे."

चार दिवसांतली स्तुती एवढीच.

पहिल्या संध्याकाळी बारूखने वही उघडली, उलटी करून पाहिली आणि कचऱ्यात टाकायला सांगितलं. मामाचे कान लाल झाले. तेवढ्यात ज्याने गाडी बनवली होती तो इंजिनियर योराम खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "मला वाचून दाखव."

मामा रोज संध्याकाळी मोडक्या हिब्रूत वाची आणि योराम क्रमांक घालून आपल्या कागदावर उतरवून घेई. तो एकदाही हसला नाही. तिसरा रकाना रिकामा का, हे मात्र त्याने विचारलं. मामाने सांगितलं.

मी तेव्हा मामाकडेच राहत होते. मी म्हटलं, जरा गोड करून वाच, बिचाऱ्या योरामच्या पोटावर पाय येईल. मामा भडकला. "कंप्लेंट म्हंजे कंप्लेंट, गो डिना. तिच्यात साखर नाय घालायची!"

शेवटची, दोनशे बारावी नोंद मामाने स्वतःची केली: "येहेझकेल, वॉचमन. चार दिवस शेजारी उभा राहिलो. एकदाही कुणी बसवून फिरवले नाही." ही त्याने भरभर वाचली आणि वही योरामच्या हातात देऊन बस पकडली.

गुरुवारी कंपनीने गाडीचा विषय बंद केला. मामा दिवसभर जेवला नाही. आपण खरं वाचलं म्हणून योरामचं वाटोळं झालं, असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. मला त्या बारूखचा असा राग आला होता की सांगता सोय नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कॅंडल लावून शब्बाथ सुरू झाला की मामा दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत गाडीत पाय ठेवत नसे. त्या शुक्रवारी दुपारी योराम वही घेऊन आमच्या दारात उभा. जेमायमा मामीने चहा दिला. त्याने मामाच्या हातात वही ठेवली, चहा संपवला आणि खाली थांबतो म्हणून निघून गेला. मामाने वही उघडली. तिसरा रकाना पहिल्या पानापासून शेवटपर्यंत हिब्रूत, हाताने भरलेला. मामाने वही माझ्यापुढे धरली.

मी वाचायला लागले. वायर: "सहा मीटर. दहा करायला हवी होती." गाढव: "बरोबर आहे. बॅटरी कमी पडते." बाई: "बरोबर आहे. हे मला सुचलंच नव्हतं." सैनिक: "आभारी आहे." गाडीच राहिली नव्हती, तरी त्याने एकही ओळ कोरी सोडली नव्हती. मामाने मला कुठेच घाई करू दिली नाही. नव्वदाव्या नोंदीच्या पुढे तो सरळ रडत होता.

दोनशे बारावर योरामने लिहिलं होतं, "गोदामात टाकायला नेतो आहे. त्याआधी तुझ्या दाराशी आणली आहे."

आम्ही खिडकीतून वाकून पाहिलं. पिकअप खाली उभी होती. ती आल्याचं आम्हा तिघांपैकी कुणालाच कळलं नव्हतं.

मामाने डोळे पुसले, शब्बाथसाठी पॉलिश करून ठेवलेले बूट घातले आणि दारातून विचारलं, "जेमा, कॅंडल लावायला अजून अर्धा तास हाय ना?"