कोरडा बर्गर

आज तव्यावर कांदा खरपूस झाला आणि न्यूझीलंडमधल्या मनुरेवातलं ते छोटं बर्गरचं दुकान आठवलं. २०१२ साली, शाळा अर्धवट सोडून आलेला मी तिथं कामाच्या परीक्षेला उभा होतो. नापास झालो तर घरी परतणंच होतं. आई चपाती दाबून शेकायची, तशी मी मटणाची पॅटी दाबत सुटलो. सगळा रस तव्यावर जळून गेला. माओरी मालकीण, आमच्या आंटी, त्यांनी माझा हात धरला. “सोड तिला, बाळा. घाबरलायस तू, ती नाही.”

मग तोच बर्गर त्यांनी उभ्याउभ्या संपवला. “उद्यापासून ये.”

तेव्हा मला फक्त नोकरी दिसली. त्या एकेक घास पाण्यासोबत गिळत होत्या, हे आज दिसतं. आता माझी पॅटी रसरशीत होते, आंटी. ती खायला तुम्ही असायला हव्या होतात.